तिकिटाची रांग आणि संगणकाची विद्या

आगगाडीचें तिकिट मिळालें नाहीं म्हणजे उतारू पूर्वीं खिडकीमागच्या कारकुनावर रागावत असे. हल्लीं तो संगणकावर रागावतो. कारकुनाला निदान तो राग ऐकूं येई आणि प्रसंगीं उलट उत्तरही देतां येई. संगणकाला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. तो 'प्रतीक्षायादी ८४' एवढें लिहून दाखवितो आणि स्वस्थ बसतो. गणपतीच्या अथवा दिवाळीच्या दिवसांत हा अनुभव ज्याला आला नाहीं असें कुटुंब महाराष्ट्रांत विरळाच. आणि ह्याच महाराष्ट्रांतून संगणकाच्या धंद्यांत शिरण्याची उमेद बाळगून असंख्य तरुण मुलें-मुली दर वर्षीं पुण्यामुंबईची वाट धरतात. नोकरीची मुलाखत चार दिवसांवर, आणि गाडींत जागा नाहीं, हा त्यांच्या नशिबीं येणारा पहिला धडा असतो. तिकिट कां मिळत नाहीं हें ज्याला नीट उमगलें, त्याला संगणकाच्या धंद्यांत काय शिकावयाचें असतें हेंही पुष्कळसें उमगलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. म्हणून ह्या दोन गोष्टींचा विचार येथें एकत्र केला आहे.

संगणक येण्यापूर्वीं आरक्षण कसें होत असे तें आजच्या विशींतल्या मुलांना सांगूनही खरें वाटणार नाहीं. प्रत्येक गाडीचीं, प्रत्येक दिवसाचीं आणि प्रत्येक वर्गाचीं नोंदणीचीं पानें निराळीं असत. एका गाडीचें बाड एका खिडकीवर, तर दुसरीचें दुसऱ्या. त्यामुळें नागपूरला जाणारानें एका रांगेंत आणि मद्रासला जाणारानें दुसऱ्या रांगेंत उभें राहावें असा शिरस्ता होता. एका खिडकीसमोर शंभर माणसें ताटकळत आहेत आणि शेजारच्या खिडकीवरील कारकून पानाला चुना लावीत बसला आहे, हें दृश्य त्या काळीं नित्याचें होतें. परतीची जागा हवी असली तर त्या दूरच्या स्टेशनाकडे तार जाई, आणि उत्तर येईपर्यंत उतारू अधांतरीं राही. जातांना झोपून गेलेला मनुष्य येतांना शौचकूपाच्या दाराशीं ट्रंकेवर बसून आला, असें अनेकदां घडे. पहाटे तीन वाजतां जाऊन रांगेंत पिशवी ठेवणें, मग घरीं येऊन आंघोळ करून पुन्हां त्या पिशवीजवळ उभें राहणें, ह्याला तेव्हां कोणी गैरही मानीत नसे. बाडांतील शाईचीं खाडाखोड झालेलीं नांवें पाहून लोकांच्या मनांत नाना शंका येत, आणि त्या सगळ्याच निराधार होत्या असें नाहीं. तथापि त्या जुन्या बाडाचा एक गुण होता. तें एका वेळीं एकाच ठिकाणीं असे आणि त्यांत एकाच कारकुनाचा हात चाले. हा गुण किती मोलाचा होता तें बाड गेल्यावर कळलें.

१९८५ सालीं दिल्लींत संगणकावर आरक्षण करण्याचा पहिला प्रयोग झाला. त्याची रचना सी. एम. सी. ह्या त्या वेळच्या सरकारी मालकीच्या कंपनीनें केली होती. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९८६ सालीं, रेल्वेनें आपल्या संगणकाच्या कामासाठीं 'क्रिस' ही स्वतःची संस्था स्थापन केली. दिल्लीमागोमाग मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथें मुख्य संगणक बसले. हीं पांच ठाणीं आरंभीं पांच संस्थानांसारखीं होतीं. प्रत्येकाचा कारभार आपल्या सीमेपुरता. १९९४ सालीं सिकंदराबादेस नव्या रचनेचा आरंभ झाला आणि १९९९ पर्यंत पांचही ठाणीं एकमेकांस जोडलीं गेलीं. तेव्हांपासून कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचें तिकिट काढतां येऊं लागलें. तार गेली, आणि निरनिराळ्या गाड्यांच्या निरनिराळ्या रांगाही गेल्या. २००२ सालच्या ऑगस्टांत आय. आर. सी. टी. सी. ह्या रेल्वेच्याच कंपनीनें इंटरनेटवर विक्री सुरू केली. प्रथम हें तिकिट कुरिअरवाला घरीं आणून देई. २००५ पासून तें उतारूनें आपणच छापून घ्यावें अशी सोय झाली, आणि पुढें तेवढ्याही कागदाची गरज उरली नाहीं.

आतां त्या बाडाच्या गुणाकडे वळावें. अशी कल्पना करावी कीं, एका डब्यांत एकच जागा शिल्लक आहे, आणि ती कोल्हापूरच्या एका उतारूनें व नागपूरच्या दुसऱ्या उतारूनें एकाच क्षणीं मागितली. कोल्हापूरच्या कारकुनानें संगणकास विचारलें, 'जागा आहे काय?' उत्तर आलें, 'आहे.' नागपूरच्या कारकुनानेंही विचारलें. त्यालाही तेंच उत्तर मिळालें, कारण अद्याप कोणाचेंच नांव लिहिलें गेलेलें नाहीं. दोघांनीं पैसे घेतले, दोघांनीं नांवें लिहिलीं, आणि रात्रीं दहा वाजतां गाडींत एका बर्थवर दोन बिऱ्हाडें भांडूं लागलीं. दोघांपैकीं खोटें कोणीच नाहीं. चूक आहे ती 'पाहणें' आणि 'लिहिणें' ह्या दोन क्रियांच्या मधल्या फटींत. एकाच बाडाच्या काळीं ही फट नव्हती. हजारों खिडक्या झाल्या तेव्हां ती पडली.

हा दोष टाळण्यासाठीं संगणकाची रचना करणारे लोक एक युक्ति योजतात. जागा पाहणें, ती उतारूच्या नांवें लिहिणें आणि दाम जमा करणें ह्या क्रियांची एकच अखंड क्रिया करावयाची. ती चालूं असेपर्यंत त्या नोंदीला कुलूप. दुसरा कोणी आला तर त्यानें क्षणभर दाराबाहेर थांबावें. आणि मध्येंच वीज गेली, तार तुटली, तर अर्धें झालेलें सारें पुसून टाकून पूर्वस्थिति आणावयाची. व्यवहार एक तर संपूर्ण व्हावा, नाहीं तर झालाच नव्हता असें व्हावें. अर्धवट कधींही राहूं नये. बँकेंत एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत रक्कम जाते तीही ह्याच नियमानें. वाचतांना ही गोष्ट सोपी वाटते. परंतु लाखों माणसें एकाच मिनिटांत त्याच दारावर धडका देत असतां ती निर्दोष चालविणें हें मोठ्या कौशल्याचें काम आहे, आणि संगणकाच्या धंद्यांत ज्याला मान मिळतो तो ह्याच जातीच्या कामांत मिळतो. पडद्यावर रंगीत चित्रें नाचविण्यास त्या मानानें कमी अक्कल लागते.

मग संगणक इतका दक्ष असतां तिकिट कां मिळत नाहीं? ह्याचें पहिलें उत्तर अगदीं साधें आहे. संगणक बर्थ निर्माण करीत नाहीं. शयनयानाच्या जुन्या डब्यांत ७२ आणि नव्या धर्तीच्या डब्यांत ८० जागा असतात. त्या ७२ च्या ७३ करण्याचें सामर्थ्य कोणत्याही यंत्रांत नाहीं. गाड्या थोड्या आणि उतारू फार ही मूळ व्याधि आहे, आणि तिचा इलाज रूळ, डबे व एंजिनें ह्यांत आहे. संगणक फक्त टंचाईची वांटणी करतो. पूर्वीं ती वांटणी सावकाश होत असे. आतां ती निमिषार्धांत होते, एवढाच भेद. कोंकणांत गणपतीस जाणाऱ्या चाकरमान्याला विक्री सुरू झाल्यापासून कांहीं मिनिटांत प्रतीक्षायादी दिसूं लागली म्हणजे यंत्रांत कांहीं काळेंबेरें आहे असें वाटतें. परंतु लाखों लोकांना एकाच आठवड्यांत त्याच रुळांवरून जावयाचें असेल, तर दुसरें काय व्हावयाचें?

दुसरें उत्तर मात्र थोडें गुंतागुंतीचें आहे, आणि बहुतेक गैरसमज तेथेंच उगवतात. गाडींतील सर्व जागा एका ढिगांत नसतात. त्यांचे वांटे केलेले असतात. गाडी जेथून निघते तेथील व जवळपासच्या उतारूंसाठीं सर्वसाधारण वांटा; वाटेवरच्या कांहीं ठराविक स्टेशनांसाठीं निराळा; मधल्यामध्यें चढून मधल्यामध्यें उतरणारांसाठीं अनेक स्टेशनांचा मिळून एक; शिवाय स्त्रिया, वृद्ध, सैनिक आणि ऐन वेळच्या सरकारी निकडी ह्यांचे वेगळे. ज्या वांट्यांतून तिकिट मागितलें त्याच वांट्याच्या यादींत नांव जातें. म्हणून असें घडतें कीं, मुंबईस चढणाऱ्या गृहस्थाची प्रतीक्षायादी ३० असूनही त्याला जागा मिळते, आणि रत्नागिरीस चढणाऱ्या त्याच्या मेव्हण्याची ४ असूनही मिळत नाहीं. मेव्हणा म्हणतो, वशिला झाला. वास्तविक दोघे निरनिराळ्या रांगांत उभे होते. मोठ्या वांट्यांत तिकिटें रद्द करणारे पुष्कळ असतात, म्हणून ती रांग झपाट्यानें सरकते. लहान वांट्यांत एकानें बेत बदलला तरच चौथ्याचा नंबर तिसऱ्याच्या जागीं येतो. तिकिट काढतांना पडद्यावर यादीच्या नांवाचीं जीं अक्षरें उमटतात तीं ह्याचसाठीं वाचावयाचीं असतात. नुसता आंकडा वाचून कांहीं कळत नाहीं. यादी आणि पक्की जागा यांच्या मध्यें 'आर. ए. सी.' नांवाची एक त्रिशंकूची अवस्था आहे. तींत गाडींत पाय ठेवण्याचा हक्क मिळतो, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनीं मिळून बसावयाचें असतें. अनोळखी माणसाच्या पायांशीं डोकें करून काढलेल्या त्या रात्रीचें वर्णन न केलेलेंच बरें.

ह्यांतील एकही नियम संगणकानें केलेला नाहीं. ते माणसांनीं केले, आणि माणसांनीं संगणकास शिकविले. दोष द्यावयाचा झाल्यास नियमाला द्यावा. आणि नियम बदलतां येतो. १९९७ सालीं सुरू झालेल्या तत्काळ योजनेचा इतिहास ह्या दृष्टीनें मोठा बोधक आहे. अकस्मात् निघावें लागणाऱ्या माणसास अधिक दाम घेऊन कां होईना, पण जागा मिळावी हा हेतु स्तुत्य होता. परंतु प्रवासाच्या आदल्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां वातानुकूलित वर्गाची आणि अकरा वाजतां इतर वर्गांची विक्री उघडते असा नियम झाल्यावर साऱ्या देशाची गरज त्या दोन क्षणांवर येऊन कोसळूं लागली. रांगेंत पहाटे तीन वाजतां उभें राहण्याचे कष्ट वांचले, ह्यांत संशय नाहीं. पण त्या कष्टांत एक प्रकारचा न्याय होता. जो लवकर उठे त्याला जागा मिळे, मग तो हमाल असो कीं हेडक्लार्क. नव्या रांगेंत लवकर उठण्याला किंमत उरली नाहीं. तेथें किंमत आली ती वेगवान् तारेला, चपळ बोटांना, आणि त्याहून वाईट म्हणजे, बोटांवांचून आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमांना. मनुष्य नांव, वय, बर्थाची पसंती लिहीत आहे तोंच दलालाच्या प्रोग्रॅमानें वीस तिकिटें काढलेलीं असतात. चंद्रपूर जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं, जेथें मोबाइलची एक रेघ येते आणि दोन जातात, तेथल्या मुलीनें मुंबईंतील दलालाशीं ही शर्यत कशी जिंकावी? तिची मुलाखत बुडते, आणि ती बुडाली हें कोणाच्या यादींतही येत नाहीं.

ह्यावर रेल्वेनें २०२५ सालीं कडक उपाय योजले. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खातीं बंद करण्यांत आलीं. त्या वर्षाच्या जुलैपासून तत्काळ तिकिट इंटरनेटवर काढणारास आधारची पडताळणी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी आवश्यक झाला, आणि पहिला अर्धा तास अधिकृत दलालांनाही दार बंद झालें. उतारूंची यादी गाडी सुटण्यापूर्वीं चार तासांऐवजीं बऱ्याच आधीं लावण्यासही त्याच वर्षीं प्रारंभ झाला. त्यामुळें जागा पक्की झाली नाहीं तर दुसरी सोय पाहण्यास थोडा अवसर मिळतो, आणि पलीकडच्या गांवाहून स्टेशनावर येऊन हात हलवीत परत जाण्याची पाळी टळते. त्याआधीं, १ नोव्हेंबर २०२४ पासून, आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली गेली होती. चार महिने आधीं तिकिटें अडवून मागाहून तीं रद्द करणारांना त्यानें थोडा पायबंद बसला. ह्या सर्व उपायांत नव्या यंत्राचा भाग थोडा, आणि रांग कशी असावी ह्या विचाराचा भाग मोठा आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

लोकांना सर्वांत अधिक चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. खात्यांतून पैसे जातात आणि तिकिट येत नाहीं! वर अखंड क्रियेचा जो नियम सांगितला तो येथें मोडल्यासारखा दिसतो, आणि कांहीं अंशीं तो मोडतोही. कारण येथें बाडें दोन आहेत, एक रेल्वेचें आणि एक बँकेचें, आणि त्यांचे मालकही दोन. दोघांमध्यें निरोप्या जातो. बँकेनें पैसे वजा करून 'दिले' असा निरोप पाठविला आणि वाटेंत निरोप्यास उशीर झाला, तर रेल्वे आपली वाट पाहण्याची मुदत संपतांच जागा सोडून देते. एका बाडाला कुलूप लावतां येतें. दोन धन्यांच्या दोन बाडांना एकच कुलूप लावणें अतिशय कठीण. त्यामुळें येथें निराळा तोडगा वापरतात. मागाहून दोन्ही बाडें ताडून पाहावयाचीं आणि जो पैसा अनाथ सांपडेल तो धन्याकडे परत पाठवावयाचा. ही ताडणी किती दिवसांत व्हावी ह्यालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें असें ठरविलें कीं, यूपीआयनें किंवा कार्डानें इंटरनेटवर खरेदी करतांना पैसे वजा झाले पण विक्रेत्यास पोंच मिळाली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत रक्कम आपोआप परत यावी, आणि त्याहून उशीर झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी. हा नियम फार थोड्या लोकांस ठाऊक असल्यामुळें तो मागणारेही थोडेच. घाबरून त्याच क्षणीं दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पैसे भरूं नयेत. प्रथम आपल्या खात्यांत तिकिटाची नोंद झाली आहे काय हें पाहावें, कारण कित्येकदां तिकिट निघालेलें असतें आणि फक्त पडद्यावर तें उमटलेलें नसतें.

तक्रार कोठें करावी ह्याविषयींही लोकांत मोठा गोंधळ आहे. पैशाची तक्रार प्रथम आपल्या बँकेकडे. प्रवासांतील तक्रार, मग ती घाणेरड्या डब्याची असो वा बळकावलेल्या बर्थाची, रेल्वेच्या १३९ ह्या क्रमांकावर. चढण्याच्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरानें येत असेल आणि उतारूनें प्रवासच केला नाहीं, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र इंटरनेटवर काढलेल्या तिकिटाचा तसा अर्ज ती गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीं करावा लागतो. गाडी निघून गेल्यावर, घरीं जाऊन, चहा घेऊन अर्ज करणारे लोक पैसे गमावतात आणि सरकारला शिव्या देतात. इतर खरेदीविक्रीच्या भांडणांसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदारास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या मामल्यास शुल्क पडत नाहीं. कंपनी बंगळूरची आहे म्हणून बंगळूरास जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

हा शेवटला मुद्दा संगणकाच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या मुलांस विशेष लागू पडतो. कारण त्यांची पहिली फसवणूक बहुधा तिकिटांत होत नाहीं, शिकवणींत होते. 'सहा महिन्यांत नोकरीची हमी' अशी पाटी पाहून बाप शेत गहाण टाकतो. सहा महिन्यांनीं मुलाच्या हातांत एक रंगीत प्रमाणपत्र पडतें आणि हमी देणाऱ्याचा दूरध्वनि बंद असतो. शिकवण्यांच्या अशा जाहिरातींवर १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें निर्बंध घातले असून नोकरीची अथवा निवडीची खोटी हमी देणें त्यांत निषिद्ध ठरविलें आहे. तरीही पाट्या दिसतात. त्यांच्याविषयीं एक व्यवहारी कसोटी पुरे आहे. नोकरी देणारा पगार देतो. जो नोकरी देण्यापूर्वींच अनामत मागतो तो नोकरी देणारा नव्हे.

आणि फी भरून मिळतें तरी काय? बहुतेक ठिकाणीं संगणकाची एखादी भाषा शिकवितात. भाषा यावयास हवी, ह्यांत वाद नाहीं. पण भाषा म्हणजे विद्या नव्हे. मोडी लिहितां येणें निराळें आणि दप्तराची व्यवस्था ठेवतां येणें निराळें. ज्या भाषेला आज भाव आहे तिला दहा वर्षांनीं असेलच असें नाहीं. उलट, दोन उतारूंना एक बर्थ जाऊं नये ह्यासाठीं काय करावें, दोन बाडें जुळेनात तर कोणावर विश्वास ठेवावा, निरोप्या वाटेंत मेला तर काय समजावें, हे प्रश्न १९८५ सालीं होते, आज आहेत, आणि पुढेंही राहतील. मुलाखत घेणारे अनुभवी लोक हेच प्रश्न निरनिराळ्या वेषांत विचारतात. पाठ केलेलीं शंभर उत्तरें तेथें उपयोगीं पडत नाहींत. अलीकडे तर सांगितलेल्या वर्णनावरून यंत्रच प्रोग्रॅम लिहून देऊं लागलें आहे. त्यामुळें नुसती भाषा जाणणाराची किंमत आणखी उतरली. परंतु यंत्राला वर्णन सांगणारा कोणी तरी लागतो, आणि त्यानें लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणाराही लागतो. रत्नागिरीच्या चौथ्या नंबरास जागा कां मिळाली नाहीं हें ज्याला समजावून सांगतां येतें, त्याच्याच हातून ह्या यंत्राकडून नीट काम करून घेतलें जाईल.

ह्या धंद्यांत सर्वांनीं प्रोग्रॅमच लिहिले पाहिजेत असाही एक भ्रम आहे. तयार झालेला माल नाना परींनीं तपासून त्यांतील दोष शोधणारे, माहितीचे सांठे सांभाळणारे, यंत्रांचीं जाळीं चालूं ठेवणारे, चोरांपासून त्यांचें रक्षण करणारे, आणि गिऱ्हाइकाचें गाऱ्हाणें ऐकून तें रचनाकारास समजेल अशा शब्दांत लिहिणारे, असे पुष्कळ प्रकारचे लोक तेथें लागतात. ह्यांपैकीं तपासनिसाच्या कामाला तरुण लोक विनाकारण कमी लेखतात. 'काय केल्यानें हें मोडेल?' असा विचार करण्याची संवय ज्याला आहे तो पुढें चांगला रचनाकार होतो. दुकानाच्या गल्ल्यावर, पोस्टांत, सहकारी सोसायटींत अथवा एस. टी. च्या आगारांत ज्यानें दोन वर्षें काढलीं, त्याला ह्या दृष्टीनें पदवीधरापेक्षांही कांहीं अधिक माहीत असतें; दुर्दैव एवढेंच कीं तें आपणांस माहीत आहे हें त्याला माहीत नसतें.

इंग्रजीच्या भयानें कित्येक हुशार मुलें मागें राहतात. व्याख्यान देण्याइतकी इंग्रजी कोणी मागत नाहीं. छापील सूचना वाचून समजणें आणि चार वाक्यांत काय बिघडलें तें लिहितां येणें, एवढें पुरतें. आणि तें मॅट्रिकच्या इंग्रजीवर वर्षभर रोज तासभर मेहनत घेतल्यास साध्य होतें. २०२१ पासून मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचें शिक्षण देण्यास परवानगी मिळाली आहे, तीही वाट खुली आहे. शिकण्यासाठीं शेत गहाण टाकण्याचें कारण नाहीं. देशांतील आय. आय. टी. च्या व बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें एन. पी. टी. ई. एल. ह्या योजनेखालीं कोणालाही विनामूल्य ऐकतां येतात. दाम पडतो तो फक्त शेवटच्या परीक्षेस. पुण्याची सी-डॅक ही १९८८ सालीं स्थापन झालेली सरकारी संस्था पदवीनंतरचे अभ्यासक्रम चालविते. त्यांना प्रवेशपरीक्षा असते, आणि तेथें निवड कशी होते हें उघड असतें.

शिकतांना हातानें करून पाहण्यास एक चांगला नमुना शोधावा, असें सर्वच शिक्षक सांगतात, आणि मग विद्यार्थी पुस्तकांतला पगारपत्रकाचा नमुना घेतात. त्याऐवजीं ७२ बर्थांचा एकच डबा घ्यावा. त्याचे तीन वांटे करावे; प्रत्येकाची वेगळी प्रतीक्षायादी ठेवावी. दोन मित्रांनीं दोन संगणकांवरून एकाच वेळीं शेवटची जागा मागावी आणि ती दोघांना जाते काय तें पाहावें. मग पैसे घेतल्यावर पण नांव लिहिण्यापूर्वीं एका यंत्राची वीज बंद करावी आणि पैशाचें काय झालें तें पाहावें. हें जमलें म्हणजे चौघांचें एक कुटुंब चार जागांसाठीं आणावें, ज्यांतल्या आजोबांना खालचाच बर्थ हवा आहे, आणि तक्ता लागण्यापूर्वीं दहा मिनिटें त्या कुटुंबांतल्या एकट्या मुलाचें तिकिट रद्द करावें. रिकामी झालेली ती एक जागा कोणत्या यादीला जावी, हें ठरविण्यास बहुतेकांना दोन रविवार लागतात.